मिठूला थांबता येत नाही

"आवाज येऊन राहिला म्हणून माणूस तिथं हायेच, असं समजू नको पोरी."

वच्छलाबाई हे ओसरीवर शेंगा फोडता फोडता म्हणाल्या होत्या. त्यांची सून पौर्णिमा तेव्हा पायांवर लेकीला घेऊन तेल लावत होती. ती हसली. "आई, तुम्ही पण ना! ते यंत्र आहे. आपण सांगू तेवढंच करतं." आणि तिनं लेकीला कुशीवर वळवलं. विषय तिथंच संपला.

मित्रांनो, ते यंत्र म्हणजे मी. मी एक जुना लूपर आहे. नावाला घाबरू नका. अर्ध्या विटेएवढं माझं लोखंडी अंग, त्यावर एक लाल दिवा आणि पायानं दाबायचं एकच मोठं बटण. गाणाऱ्यानं बटण दाबलं की मी ऐकू लागतो. पुन्हा दाबलं की ऐकलेलं तसंच्या तसं म्हणू लागतो, आणि म्हणतच राहतो. गाणारा त्यावर दुसरा आवाज चढवतो, मग तिसरा. एकटं माणूस चार जणांसारखं गाऊ शकतं. लागोपाठ दोनदा दाबलं की मी गप्प होतो. स्वतःहून मात्र मला गप्प होता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यात जे घडलं ते एवढ्यावरूनच घडलं.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते अमरावती. चंदन नावाच्या एका गिटारवाल्या मुलानं मला विकत घेतलं होतं. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्यानं मला पौर्णिमाकडे दिलं. ती त्याच्याच कॉलेजात संगीत शिकत होती. देताना तो म्हणाला, "लोकांना दिसलं पाहिजे की हे आत्ता, इथं, त्यांच्यासमोर बनतंय. नाहीतर तू गायलीस काय अन् रेकॉर्ड लावली काय, त्यांना सारखंच."

पौर्णिमानं माझ्यावर जीव लावला. आधी ती माइकवर अंगठ्यानं ठेका द्यायची. मग तानपुऱ्यासारखा एक लांब सूर गुणगुणायची. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि मग सगळ्यांच्या वरून जात्यावरच्या ओव्या गायची. हे सोपं नाही हो! पाय पापणी लवण्याएवढा जरी उशिरा पडला तरी ठेका लंगडतो, आणि मग तो लंगडतच राहतो. म्हणून ती अनवाणी सराव करायची. तिच्या तळव्याची ऊब मला अजून आठवते. तिच्या आवाजाचे थर एकावर एक चढले की मला वाटायचं, माझ्या या लोखंडी पोटात एक भरलं घर नांदतंय.

मग तिचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर मीही अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात आलो. नवरा किशोर अकोटला बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. सासरे वामनराव आणि सासू वच्छलाबाई घरची काळी जमीन कसायचे. वावर घरामागेच, दोन बांध ओलांडले की आलं.

मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वच्छलाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बाप्पा! हा तर मिठू होय वं. जे शिकवलं ते बोलते!" तेव्हापासून घरात मी मिठू झालो.

लेक हर्षा झाली आणि त्याच वर्षी नवरात्रात अकोटच्या एका मंडळानं पौर्णिमाला गायला बोलावलं. मांडव भरला होता. पौर्णिमानं ठेका धरला, सूर भरला, एकेक थर चढवू लागली. अगदी मन लावून. आणि मित्रांनो, माणसं बोलत होती! एकमेकांना शेंगदाणे देत होती, फोन बघत होती. आमच्या गावचा देवीदास, जो तीनचाकी गाडीवर भोंगा लावून भाजी विकायचा, तो पहिल्याच रांगेत बसून शेजाऱ्याला म्हणाला, "यात काय विशेष हाये बे? माह्या भोंग्यावरबी तेच होते. एक खेप ‘आलू घ्या, वांगे घ्या’ म्हटलं, का दिवसभर चालते." सगळी रांग हसली. पौर्णिमालाही ते ऐकू गेलं. तिचा सूर हलला नाही. पण पाय थंड पडला होता, ते मला कळलं.

तेवढ्यात मांडवामागून हर्षाचं रडू आलं. सहा-सात महिन्यांचं पोर, दम कोंडेपर्यंत रडणारं. पौर्णिमानं एकदा मागे पाहिलं आणि ती उठून गेली. मला तसंच चालू ठेवून.

स्टेजवर कोणी नव्हतं. एक रिकामी सतरंजी, एक माइक आणि मी. मी तिच्या चार आवाजांत गात होतो. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, विचारेल, बाई कुठं गेली? कोणी मानसुद्धा वर केली नाही. एका कडव्यापुरती नाही, चांगला बराच वेळ ती तिथं नव्हती. ती परत येऊन बसली तेव्हा योगायोगानं टाळ्या झाल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी नारळ दिला आणि म्हणाले, "छान झालं ताई. आवाज एकदम क्लियर होता."

मला धक्का बसला होता. लोखंडाला धक्का कसा बसेल, असं तुम्ही म्हणाल. पण बसला. ती असणं आणि नसणं, यांत त्या भरल्या मांडवाला काही फरकच वाटला नव्हता.

फरक फक्त एका बाईला वाटला. उतरताक्षणी वच्छलाबाईंनी विचारलं, "तू मंधातच कोठी गेलती वं?"

"तुम्हाला कळलं?"

"कळन नाई त काय! आवाज होता, पण तू नव्हती त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं.

त्यानंतर पौर्णिमानं कार्यक्रम घेणं सोडलं. मी हर्षाच्या दुपट्यांखाली कपाटात गेलो. अधूनमधून ती मला काढायची, ते अंगाईसाठी. एकदा अंगाई गाऊन माझ्यात भरायची, पाळण्याखाली मला ठेवायची आणि पोळ्या लाटायला जायची. पहिल्या दोन-तीन खेपा हर्षा ऐकायची. मग तिचे डोळे आईला शोधायला लागायचे. आवाज तोच, सूर तोच, शब्दही तेच, तरी ती भोकाड पसरायची. पौर्णिमा पिठाच्या हातांनी धावत यायची, कसंतरी बेसूर गुणगुणायची, आणि पोर गप्प! अकोटच्या मांडवाला जे कळलं नाही ते या दातही न आलेल्या पोरीला कळत होतं. मला तिचा राग यायला हवा होता. उलट तिच्याबद्दल आदरच वाटायचा.

मग उन्हाळा आला. वामनरावांनी त्या वर्षी उन्हाळी ज्वारी पेरली होती. कणसं दुधावर आली आणि पोपटांचे थवे उतरू लागले. आसपास दुसरं हिरवं काही नव्हतं, मग पाखरं जातील कुठं? राखणीला वच्छलाबाई जायच्या. त्यांचा हाकारा तुम्ही ऐकायला हवा होता! वावरातल्या बांबूच्या मचाणावर, म्हणजे माळ्यावर, उभ्या राहून त्या छाती भरून ओरडायच्या, "हाऽऽ होऽऽ! उठा रे फुकटखाऊंनो! बापाचं वावर हाये काय?" थवाच्या थवा उठायचा. आवाज थेट घरापर्यंत यायचा. पाळण्यातली हर्षा तो ऐकून हातपाय झाडत हसायची.

इकडे राखणीची एक रीत आहे. एका वावरातून हाकारा झाला की शेजारच्या वावरातून "होऽऽ" येतं. मग पहिल्यानं परत "होऽऽ" द्यायचं. त्यात निरोप काही नसतो. हाये का? हाये. एवढंच. शेजारी पुंजारामची संत्र्याची बाग होती. वच्छलाबाई आणि पुंजाराम यांची दिवसभर अशी देवाणघेवाण चालायची. कोणाचा "हो" आला नाही, तर दुसऱ्यानं उठून बघून यायचं. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. आपोआप होतं.

एक दिवस किशोर म्हणाला, "आईचे गुडघे दुखून राहिले, अन् ऊन हे असं. तो मिठू कपाटात पडूनच हाये. आईचा हाकारा त्याच्यात भरू अन् वावरात लावून देऊ. देवीदासजवळ जुना भोंगा हाये."

पौर्णिमा चिडली. "ते वाद्य आहे, किशोर. बुजगावणं नाही."

"मंग वाजव ना! कपाटात काय कार्यक्रम चालू हाये त्याचा?"

सासूचे सुजलेले गुडघे तिनं रोज शेकले होते. तिनं मला काढलं.

अंगणात वच्छलाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चक्क लाजल्या. पदर सावरला, खाकरल्या. "पाखरं नाईत त ओरडू कोणावर?" वामनराव ओसरीवरून म्हणाले, "माह्यावर ओरड. सवय हाये तुले." तशा त्या हसल्या, श्वास भरला आणि हाकारा दिला. पौर्णिमानं अचूक क्षणी बटण दाबलं. दोन लांब हाका, मग एक "उठाऽऽ", आणि शेवटी अंगणातली धूळ घशात जाऊन एक छोटासा खोकला.

"खोकला आला आई. परत घेऊ."

"राहू दे वं. पाखराले कोठी समजते?"

"माणसांना तरी कुठं समजतं," पौर्णिमा पुटपुटली.

किशोरनं मला फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडलं, माळ्याखाली सावलीत ठेवलं आणि वर बांबूला भोंगा बांधला. देवीदास स्वतः बघायला आला. हाकारा घुमला तसा तो म्हणाला, "म्या म्हटलं नव्हतं काय? भोंगाच होय तो." पण या वेळी पौर्णिमाही हसली. थवे उठत होते. पूर्ण शिवारात माझं नाव झालं. लोक बांधावर येऊन बघून जायचे. एवढं कौतुक मला मांडवात कधी मिळालं नव्हतं.

फक्त पुंजारामची एक तक्रार होती. त्यानं "होऽऽ" दिलं की माझ्याकडून परत "होऽऽ" जायचं नाही. मी आपला दोन हाका, एक उठा, एक खोकला. "वैनी, तुमचा मिठू लय शिष्ट हाये हो," तो वच्छलाबाईंना म्हणाला. "आपण बोलावं त उत्तरच देत नाई!" दोघंही हसले. हळूहळू त्यानं "होऽऽ" देणं सोडून दिलं. कोणाला देणार? यंत्राला?

ती रीत अशी हसत हसत बंद पडली. तेव्हा ते कोणाच्याही लक्षात आलं नाही.

खरी गंमत पुढेच झाली. मी तोच तोच हाकारा म्हणतो हे सगळ्यांत आधी कोणाला कळलं असेल? पाखरांना! काही दिवसांतच एक पोपट येऊन थेट भोंग्यावर बसला. मग दुसरा बसला. माझ्या डोक्यावर बसून ते कणसं सोलून खायचे. वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "मिठूले मिठू भेत नाईत बाप्पा! मलेच जावं लागते."

आणि त्या परत येऊ लागल्या. मी माळ्याखालून ओरडायचो, त्या वरून. थवा उतरला की माझ्या हाकाऱ्यावर त्या स्वतःचा हाकारा चढवायच्या, त्यात शिव्या घालायच्या, पोपटांना वामनरावांच्या नातेवाइकांची नावं द्यायच्या. दमल्या की मला म्हणायच्या, "तू सांभाळ रे थोडा." पौर्णिमा एकदा जेवणाचा डबा घेऊन आली आणि बांधावर उभी राहून ऐकतच राहिली. "आई, तुम्ही तर माझंच काम करताय! खाली एक थर, वर एक थर."

"थर-बिर मले समजत नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "खालचा मिठू हाये. वरची मी हाये."

ज्या पाखरांना दिवसभर हाकलायचं, त्यांच्यासाठीच त्या माळ्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवायच्या. अशी ती बाई होती.

आता मी त्या दिवसाचं सांगतो. सांगताना अजूनही काही नीट जुळत नाही.

मे महिना होता. वामनराव दर्यापूरला लग्नाला गेले होते. किशोर दुकानात. सकाळी पौर्णिमा म्हणाली, "आई, आज नका जाऊ. उष्णतेचा इशारा दिलाय, मोबाइलवर आलाय."

"पाखराले मोबाइल नाई वं. ऊन चढाच्या आंधी येतो मी."

पण थवे त्या दिवशी उठतच नव्हते. उठायचे आणि वळून पुन्हा बसायचे. वच्छलाबाई ओरडत राहिल्या. पाण्याची बाटली संपली. सूर्य डोक्यावर आला, काळी जमीन तव्यासारखी तापली, माझं लोखंड हात लावता येणार नाही इतकं गरम झालं. त्या माळ्यावरून खाली उतरल्या, माझ्याजवळ सावलीत बसल्या आणि खांबाला टेकल्या.

"मिठू," त्या म्हणाल्या, "बोल बाबा आता तूच. मले गरगर होऊन राहिलं."

मी बोलत होतोच. मग त्या खांबावरून बाजूला घसरल्या. हात डब्याला लागला, डबा कलंडला, पाखरांचं पाणी मातीत गेलं. त्यांचे डोळे अर्धे उघडे होते. अंगाला घाम नव्हता. आणि मी? मी त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच डोक्यावर ओरडत होतो, "हाऽऽ... होऽऽ... उठाऽऽ!"

उठा. मी त्यांना उठा म्हणत होतो. त्या उठत नव्हत्या.

मित्रांनो, माझ्यावर एकच बटण आहे आणि ते पायानं दाबावं लागतं. मला पाय नाहीत. बॅटरी भरलेली होती. मला थांबता येत नव्हतं.

पोपट खाली उतरले. वच्छलाबाईंच्या पदराजवळ फिरून कणसं खाऊ लागले.

पुंजाराम बागेतून बांधापर्यंत आला. हे त्यानं नंतर स्वतःच रडत रडत सांगितलं. त्यानं तिथूनच आवाज दिला, "वैनीऽऽ, ऊन लय हाये, घरी जा आता!" उत्तरादाखल शिवारात हाकारा घुमत राहिला. त्याला वाटलं, कामात हायेत. तो संत्र्याच्या झाडाखाली जाऊन आडवा झाला.

घरी पौर्णिमाला किशोरचा फोन आला, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. "आई आली काय?"

"नाही अजून. पण आवाज येतोय त्यांचा."

"मंग ठीक हाये."

मंग ठीक हाये! बांधावरचा शेजारी, दुकानातला मुलगा, घरातली सून, सगळ्यांना मी धीर देत होतो. सगळ्यांना सांगत होतो की ती आहे, ती ओरडतेय, ती बरी आहे. माझ्याइतका मोठा खोटा आवाज त्या दिवशी साऱ्या वऱ्हाडात नसेल.

पौर्णिमा हर्षाला वरण-भात भरवत होती. खिडकीतून हाकारा येत होता. एरवी आजीचा आवाज आला की हर्षा हात उंच करून हसायची, घास तोंडातून सांडायचा. त्या दिवशी ती ढिम्म बसून घास गिळत होती. पौर्णिमानं चमचा खाली ठेवला.

तिनं कान दिला. दोन हाका. उठा. खोकला.

दोन हाका. उठा. खोकला.

एक खेप, दुसरी, तिसरी. त्यावर काहीच नव्हतं. शिव्या नाहीत, नातेवाइकांची नावं नाहीत. कितीतरी वेळ नव्हतं. खालचा थर चालू होता, आणि वरचा थर नव्हता.

तिनं पोरीला तशीच खरकट्या तोंडानं काखेत मारली आणि धावत सुटली. डोक्यावर पदर नाही, पायात एकच चप्पल.

तिनं वच्छलाबाईंना पाहिलं. ती किंचाळली, "धावाऽऽ! पुंजारामभाऊऽऽ! धावा कोणीतरीऽऽ!" आणि वरून मी, भोंग्यातून, तिच्या दुप्पट आवाजात, "हाऽऽ होऽऽ!" तिची किंकाळी माझ्या हाकाऱ्याखाली गाडली गेली. बागेपर्यंत गेलं ते एवढंच, की वैनी आज लयच ओरडून राहिल्या.

हर्षा रडत होती. तेही माझ्याखाली बुडालं.

पौर्णिमा वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी सांगणार नाही. चपलेचा पाय उचलून तिनं मला दोनदा हाणलं.

मी थांबलो.

शिवार एकदम गप्प झालं. गेले कित्येक दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत जो आवाज होता तो नव्हता. आणि मित्रांनो, जे माझ्या ओरडण्यानं झालं नाही, तिच्या किंचाळण्यानं झालं नाही, ते त्या गप्प होण्यानं झालं. झाडाखाली पुंजाराम ताडकन उठून बसला. "पयले वाटलं बॅटरी गेली," तो नंतर म्हणाला, "मंग एकदम अंगावर काटा आला. म्हटलं, आवाज कावून बंद झाला?" रस्त्यानं देवीदास भाजीची गाडी घेऊन चालला होता. त्यानंही गाडी थांबवून मान वर केली. दोघंही धावत आले, दोन बाजूंनी.

देवीदासनं गाडीतली मेथी, कोथिंबीर भसाभस खाली फेकली. भाजी ताजी राहावी म्हणून त्यावर जे ओलं बारदान झाकतात, ते त्यानं वच्छलाबाईंच्या अंगावर पसरलं. पुंजारामनं बागेतल्या नळीचं पाणी त्यावर ओतलं. पौर्णिमा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. "आई, हाये ना? आई, बोला ना! शिव्या द्या मला, पण बोला!" गाडी अकोटच्या वाटेला लागली. मी माळ्याखाली एकटा उरलो, तापलेला, मुका. पोपटांनी त्या दिवशी मनसोक्त खाल्लं.

अकोटहून त्यांना अकोल्याला हलवलं. डॉक्टर किशोरला म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." बरेच दिवस वामनराव ओसरीवर तोंडात पान न घालता बसून राहायचे. आईला घरी आणल्यावरही किशोर रोज दुकानातून परत परत फोन करायचा आणि म्हणायचा, "आवाज येते ते सांगू नको. डोळ्यानं पाह्य, अन् मंग सांग."

वच्छलाबाई वाचल्या. चालायला लागल्या. पण आवाज गेला होता. गेला म्हणजे उरला होता थोडासा, पातळ, पलीकडच्या खोलीत न पोचणारा. तो छाती भरून दिलेला हाकारा आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या पोटात. पौर्णिमाला तो मिटवायचा धीर होईना. बटण दाबून धरलं की मी सगळं विसरतो. ती माझ्यासमोर बसायची, पाय ठेवायची आणि उचलायची.

एक दिवस वच्छलाबाईंनी ते पाहिलं. भिंतीला धरून त्या आल्या.

"मिटव वं ते."

"आई, हा तुमचा आवाज परत नाही मिळणार."

"मी हाये ना घरात! मले भेव वाटते त्याचं. मी अठी पडेल अन् माहा आवाज तठी वावरात हिंडे. मिटव." पौर्णिमा हलली नाही, तेव्हा त्यांनीच त्यांचा भेगाळलेला पाय माझ्यावर ठेवला आणि धरून ठेवला. माझा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. मी रिकामा झालो. तो हाकारा कसा होता ते आता मला तुमच्यासारखंच फक्त सांगता येतं, ऐकवता येत नाही.

त्या हिवाळ्यात पौर्णिमा पुन्हा गायली. अमरावतीला, एका छोट्या सभागृहात. सुरुवातीलाच तिनं मला उचलून लोकांना दाखवलं. "हा रिकामा आहे. आता यात जे येईल ते तुमच्यासमोर येईल." तिनं ठेका धरला, थर चढवले. आणि मधेच, कोणाला काही कळायच्या आत, मला बंद केलं.

सभागृह गप्प झालं. फोन खाली आले. माना वर झाल्या. एक जण तर अर्धवट उठून उभाच राहिला. अंधारात पहिल्या रांगेत वच्छलाबाई हर्षाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा तो पातळ आवाज घाबरून आला, "पौर्णिमेऽऽ! हाये का वं?"

"हाये, आई," पौर्णिमा म्हणाली. "इथंच हाये." आणि उरलेल्या ओव्या ती माझ्याशिवाय गायली.

बाहेर पडताना कोणीतरी म्हणालंच, "रेकॉर्ड छान होती." म्हणेना का! पुंजाराम आता रोज सकाळी बांधावर उभा राहून "होऽऽ" देतो. वच्छलाबाईंचा "हो" तिथवर पोचत नाही, म्हणून हर्षा आजीच्या वतीनं ओरडते. तोही आला नाही तर पुंजाराम चपला घालतो आणि घरापर्यंत येतो.

मी आता जुना झालो आहे. माझा रंग उडाला आहे, बटण कधीकधी अडकतं. मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. तुमच्याही ओळखीचं कोणीतरी असेल, ज्याचा आवाज रोज येतो म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. वरच्या मजल्यावर टीव्ही चालू असतो. शेजारच्या खोलीत आरती लागते. गावाहून रोज सकाळी तेच फूल आणि तेच "शुभ सकाळ" फोनवर येतं. मित्रांनो, ते ऐकून किंवा बघून "मंग ठीक हाये" म्हणू नका. आज उठा, तिथवर जा, दारात उभं राहून नावानं हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.